नाहीच्या अलीकडे

काचेपलीकडून कानसेन दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत होता आणि तिला त्याचा रागच आला, कारण तिचं वाक्य तर धडधाकट पूर्ण झालं होतं. ‘उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद राहणार नाही.’ पाणी खात्याने पाठवलेला खुलासा, सकाळच्या बातमीपत्रातली शेवटून दुसरी बातमी. वाक्यात अवघड काही नव्हतं, ‘उद्या’ सोडला तर जोडाक्षरसुद्धा नव्हतं. शेवटचा ‘नाही’ दातांमागून सुटल्याची जाणीव अजून जिभेवर होती. मग हा माणूस माश्या हाकलल्यासारखा हात का हलवतोय? तेवढ्यात तिचं लक्ष कानांकडे गेलं. हेडफोनमध्ये तिचा स्वतःचा आवाज यायला हवा होता, तिथे व्हायोलिन वाजत होतं. व्हायोलिन म्हणजे चौकीदार जागा झाला होता. चौकीदार हे रेडिओ केंद्रातल्या एका यंत्राचं लाडकं नाव. माइकवर चार सेकंद शांतता झाली की ते समजायचं, एक तर तार तुटली किंवा माणूस मेला, आणि कोणाला न विचारता वाद्यसंगीत लावून मोकळं व्हायचं. आजवर तो एकदाच जागा झाला होता, वाचता वाचता झोपलेल्या एका निवेदकासाठी, आणि त्या माणसाची सगळ्यांनी वर्षभर टिंगल केली होती. ती तर झोपली नव्हती. ती टक्क जागी होती, हातात पान होतं, पानावर बोट होतं. कानसेनने, म्हणजे दोन खोल्या पलीकडे कागद फाटला तरी ज्याला ऐकू जातं अशा त्यांच्या ध्वनिमुद्रकाने, नंतर तिला ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. ‘उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद राहणार’, आणि पुढे काही नाही. श्वास नाही, खाकरणं नाही, खुर्चीची कुरकुर नाही. मग व्हायोलिन. ‘नाही’ तिने म्हटला होता हे खरं, पण तो फक्त त्या खोलीतल्या भिंतींनी ऐकला.

बाकी शहराने ऐकलं की उद्या पाणी बंद राहणार. शहर दोन दिवस याच अफवेने हैराण होतं, आणि ज्या आवाजावर लोक घड्याळ लावतात त्याच आवाजाने आता शिक्कामोर्तब केलं. मग काय विचारता. लोकांनी बादल्या भरल्या, टब भरले, पातेली, तांबे, फुलदाण्या भरल्या. एका दंतवैद्याने म्हणे रोग्याच्या तोंडात यंत्र तसंच ठेवून नळ गाठला. दुपारपर्यंत टाक्यांनी तळ दाखवला, चढावरच्या वस्तीत नळ सुं सुं करू लागले, आणि पाणी खात्याला दुसऱ्या दिवशी पुरवठा खरोखरच बंद ठेवावा लागला. बातमी खोटी ठरली असती तर तिने माफी मागितली असती. ती खरी ठरली, याचं काय करायचं ते तिला सुचेना. तिला भाषेचाही राग आला. आपलं वाक्य म्हणजे अख्खं ताट वाढून झाल्यावर ‘जेवायला बसू नका’ म्हणणाऱ्या माणसासारखं. सगळं सांगून होतं आणि मग अगदी टोकाला तो दोन अक्षरांचा ‘नाही’ येतो, येईल तेव्हा. दुसऱ्या एखाद्या भाषेत तो नकार आधीच बोलून झाला असता आणि ती थांबली असती तरी कोणाच्या फुलदाणीत पाणी गेलं नसतं. संध्याकाळी केंद्रप्रमुखांनी स्वतः माइकवर बसून खुलासा केला की सकाळचा प्रकार तांत्रिक बिघाडामुळे झाला. ती शेजारच्या खोलीत ते ऐकत होती. चौकीदार बिघडला नव्हता, तार तुटली नव्हती, माइक ठणठणीत होता. मग बिघडलेलं यंत्र कोणतं, हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

मग मेंदूच्या डॉक्टरीणबाईंच्या तपासणीत तिच्या डोक्याला गार, चिकट लेप लावून तारा डकवल्या गेल्या. डोळे मिटा, उघडा, मिटा, आता जोरजोरात श्वास घ्या, सोडा, घ्या, असं बराच वेळ चाललं. तिला त्यात विशेष काही झाल्याचं आठवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला तेव्हा एकाखाली एक बारीक रेघा थरथरत चालल्या होत्या, शिस्तीत, आणि मध्येच सगळ्यांनी मिळून बंड केल्यासारख्या उसळल्या होत्या. एक अणकुचीदार टोक, मागून एक गोल लाट, पुन्हा टोक, पुन्हा लाट. मग काही झालंच नाही अशा थाटात रेघा पुन्हा थरथरत पुढे. या जागी तुम्ही नव्हता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती म्हणाली, मी होते, तुमच्या खिडकीचा पडदा हलत होता तो बघत होते. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं की हा फिटचाच एक न पडणारा प्रकार, मधला तुकडा गळून जातो आणि दोन्ही टोकं अशी जुळतात की ज्याचं त्याला कळत नाही. बहुधा लहानपणापासून असेल, इतकं थोडं की कोणाच्या ध्यानात आलं नसेल, आता वयाने किंवा जागरणाने थोडं लांबलं. गोळ्या आहेत, हळूहळू वाढवत नेऊ, बरंच कमी होईल. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला? ती ठामपणे नाही म्हणाली. झटके, फेस, पडणं, असलं आमच्या घराण्यात काही नाही. आणि पर्स उचलता उचलता, विषय बदलावा तशी म्हणाली, “आई मात्र जन्माची वेंधळी आहे.”

डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उघडलं. ती परत बसली. बसली ती सरळ त्या घरात जाऊन बसली, जिथे ‘लक्ष कुठे असतं तुझं’ हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हटलं जायचं की तिला लहानपणी ते आईचं नावच वाटायचं. वडील गणिताचे मास्तर. उत्तर चुकलं तर ते माफ करत, पायरी गाळली तर नाही. आणि आई पायऱ्या गाळायची. कपात चहा ओतताना ती थांबे, कप भरे, बशी भरे, टेबलावर ओघळ निघे, आणि मग ‘अगं बाई’ म्हणत ती फडकं शोधे. वडिलांच्या तीन सदऱ्यांच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचे तपकिरी डाग होते, म्हणून ते भर उन्हाळ्यात कोट घालत, आणि शाळेत त्यांना फार शिस्तीचे समजत. आई थांबली की ते तिच्या नाकासमोर चुटकी वाजवत. ती चुटकी तिला अजून ऐकू येते, सुकी, कोरडी, फळ्यावर खडू मोडावा तशी. नातेवाईक म्हणत, वेंधळी आहे पण मनाने चांगली. हे ‘पण’ आईला आयुष्यभर पुरलं. पाहुण्यांसमोर आई बोलता बोलता थांबे, ‘मी त्यांना म्हटलं की खिडकी’, आणि गप्प. वडिलांचा हात वर जायच्या आत ती, सात-आठ वर्षांची, मांडीवर बाहुली घेऊन बसलेली, हलकेच म्हणायची, ‘खिडकी.’ आणि आई तिथूनच पुढे, ‘खिडकी लावून घ्या, धूळ येते.’ पाहुण्यांना पत्ता लागायचा नाही. चुटकी वाचायची. लोक शब्द देतात आणि पाळत नाहीत, तिने दिलेले शब्द आईने एकूण एक पाळले. कोणाचं वाक्य कुठे तुटणार हे तिला त्याच वयात कळायला लागलं. पुढे रेडिओत निवड झाली तेव्हा परीक्षक म्हणाले, या मुलीला विराम कळतो. कळणारच. ती विरामांतच वाढली होती.

आणि त्याआधी आजी, आईची आई. तिला तर ती जेमतेम आठवते, ओसरीवर बसलेली, हातातली सुई हवेत, नजर भिंतीपार. आजी अशी बसली की घरातले हळू बोलायला लागत. म्हणत, हिचं मन संसारात नाहीच, विरक्त बाई आहे. शेजारच्या बायका सल्ला विचारायला येत. आजी थांबली तेव्हा विरक्त, आई थांबली तेव्हा वेंधळी, आणि ती स्वतः थांबली तेव्हा तांत्रिक बिघाड. लाट एकच, जिच्या घरात गेली तिथे तिला नवं नाव मिळालं. हे सुचलं तेव्हा ती रस्त्यात होती, चौकात दिवा हिरवा होण्याची वाट बघत, आणि तिला इतकं हसू आलं की शेजारच्या माणसाने एक पाऊल बाजूला घेतलं. मागोमाग भीती आली, ती मात्र खरी. दिवा आत्ता हिरवा झाला की मघाशीच झाला? आपण इथे आत्ता आलो की उभ्याच आहोत? तिच्या अनुभवात कुठेही भोक नव्हतं, हाच सगळा घोटाळा. जग गुळगुळीत होतं, सलग होतं, आणि तरी त्यातले तुकडे कापून नेलेले होते. थंड झालेले चहा आठवले. एक जिना आठवला, ज्याची शेवटची पायरी नेहमी अनपेक्षित यायची. नवरा आठवला, जो सात वर्षं ‘तू माझं ऐकतच नाहीस’ म्हणत राहिला आणि मग ऐकणारी शोधून निघून गेला. त्यातलं न ऐकणं लाटेमुळे किती आणि कंटाळ्यामुळे किती? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. तो माणूस जेवताना रोज आपल्या कचेरीतल्या खुर्च्यांच्या बदल्यांविषयी बोलायचा. कंटाळाच जास्त असणार, असं ठरवून तिने रस्ता ओलांडला.

आईला तपासणीला न्यायचं तर आई ऐकेना. डोक्याला लेप लावणार म्हटल्यावर तर मुळीच नाही, कालच केस धुतले होते. शेवटी ती म्हणाली, माझ्यासाठी चल, तर आई पायात चप्पल सरकवून दारात उभी. डॉक्टरीणबाईंनी मग दोघींचे आलेख पडद्यावर एकाखाली एक लावले. वरच्या, आईच्या आलेखाचा वेग किंचित मंद, बाकी तेच टोक, तीच लाट. त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं की मेंदूतल्या विजेची एक धाटणी असते, आणि नाक, चालणं, हसणं घराण्यातून येतं तशी तीही येते. जुळ्या भावंडांच्या आलेखांवरची नावं पुसली तर कोणता कोणाचा ते सांगणं कठीण जातं. हा दोष एका जनुकावर बोट ठेवून दाखवता येत नाही, अनेकांचं थोडंथोडं मिळून असं होतं, आणि कधी नुसती लाट येते, माणसाला काहीच होत नाही. आई ऐकत होती, मांडीवर हात ठेवून, केसांत लेपाचे पांढरे कण. मग तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, “म्हणजे माझं लक्ष होतं?”

“लक्ष होतं, आई. तुम्हीच मधूनमधून नव्हता.”

“मला वेंधळी म्हणायचे.”

“त्यांना माहीत नव्हतं.”

“माहीत करून घ्यायला कोणी अडवलं होतं?” आई म्हणाली, आवाज जराही न चढवता. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. रडू येण्याइतकं हे दुःख नवं नव्हतं, आणि हसण्याइतकं जुनंही झालं नव्हतं. बाहेर आल्यावर आई बाकावर बसली आणि म्हणाली की ते तीन सदरे तिने उगाच लाज वाटून जाळले, ठेवायला हवे होते. मग म्हणाली, तू घाबरू नको, मी ही अशीच चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, तुला वाढवलं, कुठे सांडलं नाही तुला. हे ऐकताना तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. डोळे मिटले तर बोलत होती ती स्वतःच. फोनवर लोक आजही दोघींमध्ये फसायचे, कानसेनसुद्धा एकदा आईला ‘उद्या लवकर या’ सांगून मोकळा झाला होता. गळा तोच, शब्द टेकवण्याची पद्धत तीच, खालच्या सुरात जरासा खरखरीत होणारा शेवट तोच. शहराला गेली वीस वर्षं जे ऐकवलं ते तिने कमावलेलं नव्हतंच मुळी. ते आईकडून आलं होतं. त्याच वाटेने, बहुधा त्याच गाठोड्यातून.

केंद्रप्रमुख माणूस वाईट नव्हता. त्याने तिला बसायला सांगितलं, दार लावून घेतलं, पंखा कमी केला. पाणी प्रकरणावरून वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं त्याला. त्याचं म्हणणं असं, की सकाळचं थेट बातमीपत्र आता तिला देता येणार नाही, पण तिला कोणी घालवत नाहीये. तिने ध्वनिमुद्रित कार्यक्रम करावेत. मधे शांतता पडली तर कापून टाकता येते, कोणाला कळणारही नाही. तिने डॉक्टरीणबाईंचा दाखला पुढे केला. त्यात लिहिलं होतं, गोळ्या चालू, गाडी चालवू नये, उंचावर चढू नये, वाचनास हरकत नाही. त्याने तो दोनदा वाचला आणि ‘पूर्ण बरी’ असं लिहून आणता येईल का विचारलं. तिचं ते विचारून झालं होतं. पूर्ण हा शब्द मी कोणालाच लिहून देत नाही, स्वतःलाही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग तिने सोपा उपाय सांगितला. चौकीदार चार सेकंदांवर लावलाय, तो दहावर न्या. माझं थांबणं त्याच्या आत संपतं. यंत्राला धीर नाही आणि खुर्चीवरून मला उठवताय, हे काय गणित आहे? तो म्हणाला, दहा सेकंद शांतता रेडिओवर फार असते, मॅडम, लोक स्टेशन बदलतात. आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून, खरंच मनापासून म्हणाला, “तुमचा आवाज म्हणजे देणगी आहे. तो आम्हाला हवाच आहे. फक्त हे थांबणं नको.”

तिला वाटलं होतं, आपण इथे रडू. गेले काही दिवस ती त्या खुर्चीच्या आठवणीने आतून पोखरली जात होती, पहाटेच्या रिकाम्या खोलीच्या, पहिल्या श्वासाच्या. ती खुर्ची गेली तर आपलं काय उरतं, याचं उत्तर तिला सापडलेलं नव्हतं. पण देणगी हा शब्द ऐकला आणि ती ताठ बसली. “देणगी दिली कोणी, ते माहीत आहे का सर? माझ्या आईने. आणि थांबणंही तिनेच दिलंय, त्याच हाताने. वीस वर्षं तुम्ही अर्धं वापरलंत. उरलेलं अर्धं आता कापून परत पाठवता. ते वेगळं होत नाही. मी पाहिलंय पडद्यावर.”

तो गप्प राहिला. गप्प राहणं त्यालाही जमत होतं, फक्त त्याच्या गप्प राहण्याला विचार करणं म्हणतात. शेवटी त्याने टेबलाच्या खणातून टाइप केलेला कागद काढला. श्रोत्यांची विचारणा सारखी येत होती, आवाज कुठे गेला म्हणून. तेव्हा तिने एकदा, शेवटचं, थेट बसावं आणि निरोप घ्यावा. चार ओळी होत्या. प्रदीर्घ सेवेनंतर मी स्वेच्छेने सकाळच्या बातमीपत्राचा निरोप घेत आहे. तिने ‘स्वेच्छेने’वर बोट ठेवलं. तो म्हणाला, त्याने तुमचाच मान राहतो. पुढची बातम्यांची पानंही तुम्हीच वाचा त्या दिवशी, शेवट गोड होईल. तिने कागदाची घडी घातली आणि बरं म्हणाली. घरी आईला वाचून दाखवला. आईने चष्मा लावला, स्वतः पुन्हा वाचला आणि म्हणाली, “स्वेच्छेने कोण जातंय? मी विचारते आपलं. तू?”

“मला जायचं नाही, आई.”

“मग ज्याची इच्छा आहे त्याने वाचावं ना हे.” आणि आई कांदे चिरायला निघून गेली, मध्ये एकदा सुरी हवेत धरून थांबली, आणि पुन्हा चिरू लागली.

त्या सकाळी कानसेन नेहमीपेक्षा आधी आला होता. चौकीदाराच्या डब्याशी काहीतरी खुडबुड करून तो काचेमागे बसला आणि काचेपलीकडे बोलायची कळ दाबून तिला एवढंच म्हणाला की ताई, घाई करू नका, आज तो बराच वेळ झोपणार आहे, माझ्या जबाबदारीवर. केंद्रप्रमुख पलीकडे आपल्या खोलीत, स्पीकरखाली, चहा घेऊन बसले असणार. तिने हेडफोन चढवला. गोळ्या चालू होऊन फार दिवस झाले नव्हते, थांबणं कमी झालं होतं, गेलं नव्हतं, आणि कधी येईल हे सांगायला ते कधीच आधी येत नसे. टाइप केलेला कागद समोर होता, त्याच्या खाली बातम्यांची पानं. खूण झाली. तिने वरचा कागद उचलला, पालथा ठेवला, आणि बोलली. आवाज पहिल्या शब्दाला फाटला, तो तिने तसाच जाऊ दिला.

“श्रोतेहो, मागे पाण्याच्या बातमीच्या वेळी यंत्र बिघडलं नव्हतं. मी थांबले होते. माझ्या मेंदूत एक लाट येते, ती आली की मी थोडा वेळ नसते. माझ्या आईला ती येते, तिच्या आईला येत होती. आम्ही तिघी वेंधळ्या नाही. औषध चालू आहे, तरी यापुढे वाचताना मी कधी थांबेन. तेव्हा तुमच्या रेडिओला थापट्या मारू नका आणि दुसरं स्टेशन लावू नका. मी परत येते, आणि सोडलं तिथूनच पुढे वाचते. मला इथून जायला सांगितलं आहे. माझी तशी इच्छा नाही. आता बातम्या.”

आपण हे सगळं सलग बोललो की मध्ये कुठे थांबलो, हे तिला कळलं नाही, आणि काचेकडे बघून विचारावंसंही वाटलं नाही. तिने पहिलं पान ओढलं. नवा पूल, त्याची लांबी, त्याला लागलेला वेळ. पहिली बातमी निम्म्यावर आली तेव्हा स्टुडिओचं जड दार धाडकन उघडलं आणि केंद्रप्रमुख आत आले, चेहरा लालबुंद, एक बोट तिच्या दिशेने रोखलेलं. पण दारावरचा, थेट प्रसारण चालू असल्याचा दिवा लागलेला होता. तो लागलेला असताना आत कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा या इमारतीतला सगळ्यात जुना नियम होता, आणि त्याच्यासाठी त्यांनी आजवर कित्येकांना फैलावर घेतलं होतं. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बोट हळूहळू खाली आलं. तिने पानावरून मान वर केली, त्यांना बसायला रिकाम्या स्टुलाकडे हात दाखवला, आणि दुसरी बातमी वाचायला घेतली.